पाचवा पर्याय

बँकेत कारकून व्हायचं असेल तर क्ष मोठा की य मोठा, हे चौतीस सेकंदांत सांगता आलं पाहिजे असं आपल्याकडे ठरलेलं आहे. चौतीस हा आकडा मी मनाने काढलेला नाही. पूर्वपरीक्षेत गणिताचे ३५ प्रश्न आणि वेळ २० मिनिटं. भागाकार करून पाहा. चुकलं की पाव गुण कापतात. पासबुक हातात घेऊन बँकेच्या खिडकीशी मी आयुष्यातला बराच काळ उभा राहिलो आहे, पण आतल्या माणसाने क्षचा विषय एकदाही काढलेला नाही. तो ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच म्हणतो आणि चहाला जातो. तरीही त्या खिडकीच्या आत जायची वाट क्ष आणि य यांच्यामधूनच जाते, आणि आमच्या साखऱ्यातली बरीच तरणी पोरं सध्या त्या वाटेवर बसलेली आहेत.

प्रश्न दिसायला असा असतो:

क्ष² − ७क्ष + १२ = ०
य² − ९य + २० = ०

खाली पाच पर्याय. क्ष मोठा. य मोठा. क्ष मोठा किंवा समान. य मोठा किंवा समान. आणि पाचवा: दोन्ही समान आहेत किंवा त्यांच्यातला संबंध सांगता येत नाही. वरचं गणित सोडवलं तर क्ष येतो ३ किंवा ४, आणि य येतो ४ किंवा ५. म्हणजे क्षने कितीही जोर मारला तरी फार तर यची बरोबरी करेल, वर जायचा नाही. चौथा पर्याय. पुढचा प्रश्न.

साखरा सेनगाव तालुक्यातलं. जिल्हा हिंगोली, जो १ मे १९९९ रोजी परभणीतून वजा झाला, आणि तेव्हापासून दोन्हीकडची माणसं आपल्यात जास्त मागास कोण, ही तुलना मन लावून करत आली आहेत. इथे सोयाबीन होतं, हळद होते, तूर होते आणि स्पर्धा परीक्षेची पोरं होतात. माझ्या भाच्याच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिच्यात हळदीचे कट्टे असायचे. आता भाचा आणि त्याचे मित्र असतात. कट्टे गेले तरी वास गेलेला नाही. या पोरांच्या वह्या उघडल्या की कडेला पिवळी बोटं उमटलेली दिसतात, आणि पांढऱ्या फळ्यावरचा क्ष पुसला तरी खाली पिवळट डाग राहतो.

भाचा नांदेडला क्लास करून आला आहे. मी एकदा फळ्यावरचं वर्गसमीकरण शाळेतल्या सवयीने अवयव पाडून सोडवायला घेतलं, तर त्याने माझ्या हातातून मार्कर काढून घेतला.

“मामा, यात सोडवत बसायचं नसतं. चिन्हं बघायची नुसती.”

मग त्याने दाखवलं. मधलं चिन्ह अधिक आणि शेवटचंही अधिक, तर दोन्ही उत्तरं उणे. मधलं उणे आणि शेवटचं अधिक, तर दोन्ही उत्तरं अधिक. त्यामुळे वरच्या ओळीत अधिक-अधिक आणि खालच्या ओळीत उणे-अधिक दिसलं, की क्ष उणे, य अधिक, य मोठा, संपलं. आकडे वाचायचेसुद्धा नाहीत. आणि दोन्ही समीकरणांत शेवटचं चिन्ह उणे असेल तर? मग प्रत्येकाचं एक उत्तर अधिक आणि एक उणे. याचं अधिक त्याच्या उण्याला भारी, त्याचं अधिक याच्या उण्याला भारी. सरळ पाचव्या पर्यायावर बोट ठेवायचं. भाचा म्हणतो, हा प्रश्न म्हणजे लॉटरी, तीन सेकंदांत सुटतो. मला मात्र गावातली दोन घरं आठवली. दोन्ही घरांत थोरला कर्तबगार आणि धाकटा दिवटा. त्या दोन घरांत वरचढ कोण यावर पारावर माझ्या लहानपणापासून चर्चा चालू आहे आणि अजून निकाल लागलेला नाही.

आबा, म्हणजे भाच्याचे आजोबा, दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते.

“काय लिहायलास रे एवढं?”

“क्ष आन् य, आबा. दोघांत मोठा कोन ते काढायलोय.”

“मंग कोन निघाला?”

“सांगता येत न्हाई.”

“वर्षभर नांदेडला राहिलास, अन् सांगता येत न्हाई?”

“तेच उत्तर हाय आबा. त्याचेच मार्क मिळतेत.”

आबांनी पत्र्याकडे पाहिलं. “आमच्या टायमाला त्याची छडी मिळायची,” म्हणाले आणि गेले.

आबांचा राग मला समजतो. गावात पाचवा पर्याय नसतोच. कुणाच्या घराचा स्लॅब वर, कुणाच्या ट्रॅक्टरचा हॉर्सपॉवर जास्त, कुणाच्या लग्नात पंगती किती उठल्या, इथपर्यंत सगळ्याचा निकाल त्याच संध्याकाळी लागलेला असतो. बोअरची खोलीसुद्धा सुटत नाही. पाचशे फूट गेलेला माणूस अडीचशे फुटांवर पाणी लागलेल्याकडे जरा दयेनेच पाहतो. कमी खर्चात जास्त पाणी लागणारा या तुलनेत हरतो कसा, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही, पण हरतो एवढं खरं.

बुद्धिमत्तेच्या पेपरात हीच असमानता सांकेतिक भाषेत येते. सुरुवातीला सूचना असते: ‘प @ फ’ म्हणजे प हा फपेक्षा लहान नाही, ‘प # फ’ म्हणजे प हा फपेक्षा मोठाही नाही आणि समानही नाही. ‘लहान नाही’ म्हणजे मोठा किंवा समान, एवढं कळायला पोरांना पैसे भरून क्लास लावावा लागतो याचं मला नवल वाटतं. सोयरीक जुळवणारी सगळी बोलणी याच संकेतात होतात. “पोरगं काही कमी नाही आपल्यापेक्षा,” असं मध्यस्थ म्हणाला की लिहायचं: मोठं किंवा समान. “स्थळ आपल्यापेक्षा उजवं आहे असं काही नाही,” म्हणाला की लिहायचं: लहान किंवा समान. एकाच दमात दोन्ही म्हणाला तर दोन्ही विधानं एकत्र करून उत्तर एकच उरतं, समान. म्हणजे मानपान समसमान आणि खर्च निम्मा-निम्मा. आणि “उन्नीस-बीस असंल,” असं म्हणाला तर एकोणीस कोण आणि वीस कोण हे दोन्हीकडच्यांना बरोबर ठाऊक असतं. भाच्याला या प्रकारात तीसपैकी तीस पडतात असं तो म्हणतो. पडणारच. त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न जमवताना तो सगळ्या बैठकांना हजर होता.

असमानतेची साखळी तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. परीक्षेच्या भाषेत: शेती > व्यापार > नोकरी. आता असमानतेचा एक नियम आहे, ज्यावर दरवर्षी हजारो पोरांचे पाव-पाव गुण जातात. दोन्ही बाजूंत काही मिळवा, काही वजा करा, अधिक संख्येने गुणा, चिन्ह जागचं हलत नाही. पण उणे संख्येने गुणलं की चिन्ह उलटं फिरतं. पाच हा तीनपेक्षा मोठा, पण उणे पाच हा उणे तीनपेक्षा लहान. मधल्या काळात कुणीतरी ती जुनी म्हण उणे एकने गुणून ठेवली आहे. आता मुलीकडचे लोक साखळी उलटीकडून वाचतात: नोकरी > व्यापार > शेती. शेती असावी अशी अट असते, पण जावई शेतात नसावा. चिन्ह फिरवणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही म्हणा. औंढ्याला नामदेव महाराज कीर्तनाला उभे राहिले, त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं असं आमच्याकडे सांगतात. नंदी मागच्या बाजूला का, याचं उत्तर लोक तेच देतात.

सोयाबीनचं सांगायलाच नको. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पुस्तकात वाचणारा मुलगा लिहितो: बाजारभाव ४,८९२ पेक्षा मोठा किंवा समान. आडतीत गेलं की ते चिन्ह आरशात पाहिल्यासारखं दिसायचं. सरकारी केंद्रावर भाव बरोबर होता, पण तिथे दुसरी असमानता दारात उभी: ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. परतीचा पाऊस काही सूचना वाचून पडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली, तोवर हाताला पैशाची घाई असलेल्यांची पोती विकून झाली होती. आबांना क्ष, य येत नाहीत, पण पोत्यात हात घालून ओलावा बाराच्या आत की बाहेर हे ते सांगतात. फक्त त्यांच्या हाताचं प्रमाणपत्र केंद्रावर चालत नाही.

ही चिन्हं आणली कुणी? बरोबरीचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्समधल्या वैद्याने १५५७ साली छापलं. दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघांइतकं समान जगात दुसरं काही नाही, असं त्याचं म्हणणं. गृहस्थ त्याआधीच एका उमरावाशी कज्जात अडकला होता, हजार पौंडांची भरपाई डोक्यावर बसली होती, ती देता येईना, आणि १५५८ मध्ये तुरुंगात वारला. समानतेचा शोध लावणाऱ्या माणसाला उमराव आणि आपण समान नाही हे इतकं उशिरा कळावं, याचं वाईट वाटतं. लहान-मोठ्याची चिन्हं टॉमस हॅरियटची. ती १६३१ साली छापून आली, आणि हॅरियट १६२१ मध्येच गेलेला. मोठं कोण हे ठरवायची खूण शोधली आणि मोठेपण मिळालं ते मेल्यावर दहा वर्षांनी. आपल्या शाळांत ही खूण शिकवताना मगर काढतात; मगर भुकेली असते, म्हणून जबडा मोठ्या घासाकडे. कयाधूच्या खोऱ्यातल्या पोरांनी आयुष्यात मगर पाहिलेली नसते, पण मोठ्याकडे तोंड करून उभं राहायचं एवढं त्यांना पहिलीतच पटतं. पुढे निवडणुका आल्या की उपयोगी पडतं.

या प्रकारातला सगळ्यांत फसवा प्रश्न दिसायला सगळ्यांत भोळा आहे: क्ष² मोठा की क्ष? दहाजणांना विचारा, नऊजण वर्गाकडे बोट करतात. वर्ग म्हणजे वाढ, अशी आपली समजूत. पण क्ष अर्धा असेल तर? अर्ध्याचा वर्ग पाव. अर्ध्याची अर्धी भाकरी केली की पोट जास्त भरत नाही, हे मांडायला खरं तर बीजगणित नको. शून्य किंवा एक असेल तर दोघं समान. उणे असेल तर वर्ग मोठा. तेव्हा क्ष कोण हे कळल्याशिवाय पाचवा पर्याय. उलट क्ष² + १ आणि २क्ष यांची गाठ घाला. पाचवा पर्याय लागू होत नाही. क्ष काहीही असो, पहिली राशी दुसरीपेक्षा कधीच लहान नसते, कारण दोघांतला फरक (क्ष − १)² असतो आणि वर्ग शून्याच्या खाली उतरत नाही. याच नियमाचं गावाकडचं रूप म्हणजे बांध. बांधाची लांबी चारशे मीटर ठेवा. शंभर बाय शंभरचं चौरस वावर केलं तर दहा हजार चौरस मीटर. दीडशे बाय पन्नासची पट्टी केली तर साडेसात हजार. बांध तेवढाच, वावर पाऊणपट. भाऊबंदकीत वाटण्या होतात तेव्हा सगळ्यांना रस्त्याचं तोंड हवं असतं, म्हणून लांबच लांब पट्ट्या पडतात आणि बांधच बांध होतात. मग बांधावरून भांडणं. सगळ्यात मागे ती एक निरुपद्रवी असमानता.

दोन उत्तरांचा घोळ आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितात माकडांचे कळप आहेत. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतो आहे आणि बारा माकडं टेकडीवर, एकूण किती? उत्तरं येतात १६ आणि ४८, आणि भास्कराचार्य दोन्ही घेतात. दुसरा कळप: पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतं आहे. उत्तरं ५० आणि ५. पाच घेतलं तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. वर्ग चार, फांदीवरचं एक, झाले पाच. हिशेब बिनचूक. तरी भास्कराचार्य पाच सोडून देतात, कारण उणे संख्या लोकांना पटत नाही. एवढा मोठा गणिती, पण लोक काय म्हणतील हे त्यांनाही सुटलं नाही. चाळीसगावजवळ पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा शिलालेख आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या अभ्यासिकांत त्या मठाचा नंबर बराच वर लागावा. तिथून बाहेर पडलेल्यांना नोकऱ्या लागल्या का, ते शिलालेखात नाही.

आमच्याकडच्या पोरांपुढे मात्र परीक्षेत उतरण्याआधीच असमानतांची रांग असते. बँकेच्या कारकुनासाठी वय वीसपेक्षा कमी नाही आणि अठ्ठावीसपेक्षा जास्त नाही. पोलीस भरतीत मुलांची उंची १६५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी, मुलींची १५५ पेक्षा. छाती न फुगवता ७९ पेक्षा कमी नसावी आणि फुगवल्यावर किमान पाच सेंटिमीटर वाढावी. यातली छाती जिद्दीने वाढते. उंची वाढत नाही. भाच्याच्या मित्राची १६४ भरली. भरतीच्या आधी तो रोज सकाळी लिंबाच्या फांदीला लोंबकळायचा, येणारा-जाणारा विचारायचा, आणि तो खाली न बघता “अभ्यास चालू हाय” असं उत्तर द्यायचा.

परीक्षेत कच्चं ठरण्याची परंपराही आमच्या जिल्ह्याची मोठी आहे. नर्सी हे नामदेव महाराजांचं जन्मगाव आमच्याच जिल्ह्यात. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कशासाठी? मडकं कच्चं की पक्कं ते कळण्यासाठी. मग ही मडकीही बघा की. गोरोबाकाका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले, सगळे निमूट बसले, नामदेवांना मात्र राग आला. निकाल तिथल्या तिथे: कच्चं मडकं. मग त्यांना विसोबा खेचरांकडे औंढ्याला जावं लागलं. भाच्यालाही पहिल्या पूर्वपरीक्षेनंतर नांदेडला क्लास लावावा लागला, तेव्हा आबांनी त्याला हीच गोष्ट सांगून धीर दिला होता. पण गोरोबाकाकांच्या त्या परीक्षेचं एक बरं होतं. सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न, एकच सत्र, परीक्षक एक आणि थापटणंही एकच. कोणाचं सत्र सोपं गेलं, अशी तक्रार करायला जागा नव्हती.

२०२३ च्या तलाठी भरतीत ती सोय नव्हती. जागा साडेचार हजारांच्या पुढे, अर्ज दहा लाखांवर. एवढी पोरं एका दिवसात बसवायची कुठे? म्हणून १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबरपर्यंत सत्रामागून सत्रं झाली, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. कुणाचा पेपर अवघड, कुणाचा सोपा, म्हणून गुणांचं सामान्यीकरण झालं: अवघड सत्रवाल्याला थोडे चढवायचे, सोप्या सत्रवाल्याचे थोडे उतरवायचे. रीत शास्त्रशुद्ध आहे, बँकांपासून रेल्वेपर्यंत सगळे वापरतात. फक्त जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला तेव्हा सगळ्यांत वरच्या उमेदवाराला दोनशेपैकी दोनशे चौदा गुण होते.

मिळालेले गुण एकूण गुणांपेक्षा कमी किंवा समान, ही असमानता पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून कुणी सिद्ध करून मागितली नव्हती. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. पत्र्याच्या खोलीत त्या रात्री गणित कुणीच केलं नाही. एकजण सामान्यीकरणाचं सूत्र फळ्यावर मांडून हे कसं शक्य आहे ते समजावत होता, आणि बाकीचे त्याला सूत्रासकट बाहेर काढायच्या बेतात होते. शेवटी भाच्याने ही बातमी आबांना नेऊन सांगितली. समजावूनही सांगितली, सरासरी आणि प्रमाण विचलनासकट. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे दोनशेचे दोनशे चौदा झाले.”

“व्हय.”

“आन् तो आता तलाठी होनार.”

“व्हईल की.”

आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “त्या हिशेबानं सातबाऱ्यावर दोन एकराचे दोन एकर साडेपाच गुंठे व्हतेत.”

“आबा, तसं नसतंय ते.”

“नसंल,” आबा म्हणाले. “पर ते साडेपाच गुंठे कोनाच्या वावरातून निघनार, ते आधी इचारून ये.”